पाटकऱ्याची नोंद

२५ जून १८५३ च्या ‘न्यूयॉर्क डेली ट्रिब्यून’मध्ये कार्ल मार्क्सने मांडलं, की आशियात पाटबंधारे हे केंद्रसत्तेचंच काम, ते गावांच्या आवाक्यातलं नाही. मात्र धुळे जिल्ह्यात पांझरेकाठची फड पद्धत काही वेगळंच सांगते. ही पद्धत निदान तीनशे वर्षं जुनी. नदीत दगडी बंधारा, त्यातून पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात एकच पीक, कुठे ऊस, कुठे गहू-हरभरा, कुठे ज्वारी. पुढल्या वर्षी फेरपालट. खातेदाराची जमीन बहुधा एका जागी नसे, फडाफडांत विखुरलेली असे, आणि खरी मेख इथेच आहे. पाटाच्या तोंडाशी बसलेल्याने शेपटाकडच्याला कोरडं ठेवायचं, हे भांडण कुठल्याही पाटावर ठरलेलं. पण ज्याचे तुकडे दोन्हीकडे आहेत, तो कुणाशी भांडणार? पाणी तुटलं की पंच एखादा फडच त्या साली भिजवत नसत. पाणी फिरवायला पाटकरी, पीक राखायला जागल्या, देखरेखीला हवालदार, मोबदला धान्यात.

यावर कुणी म्हणेल, दगडी बंधारे काय गावाच्या वर्गणीतून झाले? काहींना राजाश्रय मिळाला असेलही. पण बंधारा बांधणं वेगळं आणि दरसाल पाणी वाटणं वेगळं. खानदेशात फारुकी गेले, मोगल आले, पेशवाई आली, १८१८ ला इंग्रज आले; पाळी ठरवायला यांपैकी कुणाची कचेरी लागली नाही. गंमत म्हणजे त्याच लेखात मार्क्सने ब्रिटिश संसदेच्या जुन्या अहवालातून गावकामगारांची यादी उतरवली आहे आणि तीत पाणी वाटणाराही आहे. यादी खानदेशची नव्हे, पण पुरावा हाताशी होता. त्याने पाटकरी पाहिला तो ‘साचलेल्या’ गावाच्या सामानसुमानात, व्यवस्थापक म्हणून नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे: हा सलोखा जमीनवाल्यांचा. ज्याला जमीन नाही त्याला फडात जागा राखणदाराची किंवा मजुराची, आणि तीही बरीचशी जातीने ठरलेली. हे मान्यच करावं लागतं. समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खाइमने १८९३ साली म्हटलं होतं, की करार टिकतो तो करारात न लिहिलेल्या बंधनांवर. फडापुरतं ते पटतं, पण ती बंधनं कुणावर किती पडली हा प्रश्न उरतोच. विहिरीवर स्वतःची मोटर आली आणि ही बंधनंही सैल झाली. मोटरवाल्याला पाटकऱ्याची पाळी पाळायचं कारण राहिलं नाही, आणि शेजाऱ्याच्या फडात कोणतं पीक आहे हे विचारायचंही.