उस्मानाबादी शेळीची आनुवंशिक विविधता व वाढ

उस्मानाबादी शेळी ही महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील, मांस व दूध अशा दुहेरी उपयोगाची शेळीची जात आहे. पूर्वीच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यावरून तिला हे नाव मिळाले. लातूर, परभणी व सोलापूर या जिल्ह्यांतही ती आढळते. संगमनेरी, बेरारी व कोकण कन्याळ या राज्यातील अन्य नोंदणीकृत जाती होत.

== स्वरूप ==
या शेळ्या बहुतांशी काळ्या असतात. काही तपकिरी, पांढऱ्या वा ठिपकेदारही असतात. पूर्ण वाढ झालेल्या बोकडाचे वजन साधारणतः ३४ किलो, तर शेळीचे ३२ किलो भरते. एका वेतात जुळी करडे होणे हे या जातीचे वैशिष्ट्य मानले जाते.

== आनुवंशिक विविधता ==
शेळीच्या पेशीत ६० गुणसूत्रे, म्हणजे ३० जोड्या असतात. वाढीचा वेग एकाच जनुकावर अवलंबून नसून अनेक जनुकांच्या लहानलहान परिणामांतून ठरतो. म्हणूनच एकाच कळपात, एकाच चाऱ्यावर वाढलेल्या करडांच्या वजनांतही फरक पडतो. हा फरक नसेल, तर निवडीने जात सुधारणे शक्य होत नाही.

== वाढीवर परिणाम करणारे घटक ==
करडाचे लिंग, ते एकटे जन्मले की जुळे, आईचे दूध व वेत, जन्माचा हंगाम आणि चारा यांवरही वजन अवलंबून असते. मुबलक चाऱ्याच्या दिवसांत जन्मलेले एकटे करडू टंचाईतील जुळ्या करडापेक्षा वजनदार असले, तरी ते आनुवंशिकदृष्ट्या सरस असेलच असे नाही. वजनांतील एकूण फरकापैकी जो भाग जनुकांमुळे येतो, तेवढाच निवडीद्वारे पुढील पिढीत उतरतो.

== निवड व संवर्धन ==
झपाट्याने वाढणारे बोकड चांगला भाव मिळाल्याने, विशेषतः बकरी ईदपूर्वी, लवकर विकले जातात आणि पैदाशीसाठी मागे राहिलेले बोकड वापरले जातात. ही एक प्रकारची उलटी निवडच होय. एकच बोकड अनेक वर्षे वापरल्यास त्याचा स्वतःच्याच मुलींशी संकर होऊन करडांची वाढ व जोम घटतो. दक्षिण आफ्रिकेतील बोअर जातीशी केलेल्या संकराने वजन वाढते. परंतु असा संकर सरसकट झाल्यास स्थानिक हवामानात तगून राहण्याचे मूळ जातीचे गुण विरळ होण्याचा धोका असतो.

यावर वजनांच्या नोंदी ठेवणे, उत्तम बोकड पैदाशीसाठी राखणे आणि गावागावांत बोकडांची अदलाबदल करणे हे उपाय आहेत. भूमिहीन व अल्पभूधारक कुटुंबांच्या अडीअडचणीला शेळीच उपयोगी पडत असल्याने या विविधतेचे जतन त्यांच्या उपजीविकेशी थेट निगडित आहे.