ट्रॅबेक्युलर जाळी

कॉर्निया आणि आयरिस यांच्या सांध्यातील कोनात, श्वेतपटलाच्या आतल्या कडेला, डोळ्याच्या पुढील भागाभोवती कड्यासारखी फिरलेली सच्छिद्र ऊती. सिलिअरी बॉडीतून स्रवणारे नेत्रजल बाहुलीतून पुढे येते, या जाळीतून झिरपून श्लेम नलिकेत उतरते आणि तिथून श्वेतपटलावरील शिरांमधल्या रक्ताला मिळते. निचऱ्याची ही मुख्य वाट. थोडे नेत्रजल सिलिअरी स्नायूच्या तंतूंमधूनही मागे झिरपते. मुख्य वाट अडली की डोळ्यातील दाब चढतो आणि दृष्टिचेतेचे तंतू मरू लागतात; हाच काचबिंदू. दाब प्रमाणात असतानाही काचबिंदू होतो, हे खरे; तरीही उपचार म्हणून आजवर सिद्ध झालेली गोष्ट एकच, ती म्हणजे दाब उतरवणे. गेलेली नजर मात्र त्याने परत येत नाही. काचबिंदूला मोतीबिंदूचा भाऊ समजणाऱ्यांना हे आधी सांगावे लागते.

दाबाचे गणित : नेत्रजल मिनिटाला सुमारे अडीच मायक्रोलिटर तयार होते आणि साधारण दोन तासांत डोळ्याच्या पुढील कप्प्यातले सगळे पाणी बदलते. निरोगी डोळ्यातील दाब पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरांच्या दरम्यान असतो. बाहेरच्या शिरांमध्ये तो ८ ते १० असतो. डोळ्यात १५ आणि शिरेत ९ धरले, तर सारा प्रवाह अवघ्या ६ मिलिमीटरांच्या फरकावर चालतो. स्राव तेवढाच राहून वाटेतला विरोध दुप्पट झाला तर फरकही दुप्पट लागतो, म्हणजे डोळ्यातील दाब २१ वर जातो. विरोध चौपट झाला तर ३३ वर. काचबिंदूच्या नेहमीच्या, उघड्या कोनाच्या प्रकारात स्राव वाढलेला नसतो, वाढलेला असतो तो विरोध. त्यामुळे तो नेमका कुठे आहे, या प्रश्नावर शस्त्रक्रियेची सगळी दिशा ठरते.

अमेरिकी नेत्रतज्ज्ञ मॉर्टन ग्रँट यांनी मृत्यूनंतर काढलेल्या मानवी डोळ्यांत ठरावीक दाबाने द्रव सोडून हा प्रश्न हाताळला. जाळीला गोल चीर देताच सुमारे तीन-चतुर्थांश विरोध नाहीसा झाला, असे त्यांनी १९६३ मध्ये मांडले. पुढे कमी, म्हणजे जिवंत डोळ्याच्या जवळच्या दाबावर मोजणी झाली तेव्हा हा वाटा निम्म्याच्या आसपास आला. उरलेला विरोध नलिकेच्या पलीकडे, शिरांकडे नेणाऱ्या संग्राहक वाहिन्यांमध्ये असतो. जाळी छेदणाऱ्या नव्या उपकरणांच्या जाहिरातींत हा उरलेला निम्मा भाग सहसा सापडत नाही.

रचना आणि ताण : जाळीचे तीन थर आहेत. आतल्या दोन थरांतल्या फटी मोठ्या असतात आणि त्यांतून पाणी सहज जाते. खरी अडचण नलिकेला चिकटलेल्या तिसऱ्या थरात आणि नलिकेच्या आतल्या भिंतीत असते. ही पट्टी काही मायक्रोमीटरच जाडीची आहे. या भिंतीच्या पेशींवर विलक्षण भार पडतो. रक्तवाहिनीच्या अस्तरातील पेशींना आतला दाब त्यांच्या बैठकीवर दाबून धरतो. इथे पाणी बैठकीच्या बाजूने येते आणि पेशींना उचलून नलिकेत ढकलू पाहते. पेशी फुगतात, त्यांच्यात मोठ्या पोकळ्या तयार होतात आणि साधारण मायक्रोमीटरभर आकाराची छिद्रे उघडतात. काचबिंदूच्या डोळ्यांत ही छिद्रे कमी आढळतात. त्या डोळ्यांतून वेगळ्या केलेल्या पेशी अधिक ताठर असतात आणि ताणल्या तरी छिद्रे कमी पाडतात, असे २०१४ मध्ये दाखवले गेले.

खुद्द जाळीच्या ताठरपणाबद्दल मात्र एकमत नाही. २०११ मध्ये अणुबल सूक्ष्मदर्शकाच्या सुईने जाळी दाबून पाहिली, तेव्हा निरोगी ऊतीचा ताठरपणा सुमारे ४ किलोपास्कल आणि काचबिंदूच्या ऊतीचा सुमारे ८० भरला, म्हणजे वीसपट. २०१४ मध्ये जाळीची पट्टी परिघाच्या दिशेने ओढून पाहिली, तर काचबिंदूची ऊतीच जास्त सैल निघाली. गोणपाटात नख रुतवणे आणि त्याची दोन टोके धरून ओढणे या वेगळ्या परीक्षा आहेत, तसेच हे आहे. सुई पेशींमधला मऊ भराव मोजते, ओढ कोलॅजेनचे धागे मोजते. शिवाय हे नमुने मृत डोळ्यांचे असतात, आणि त्यांपैकी अनेकांत वर्षानुवर्षे औषधे पडलेली असतात. ताठरपणामुळे काचबिंदू होतो की काचबिंदूमुळे ताठरपणा येतो, हे या आकड्यांवरून ठरत नाही.

जाळी जिवंत आणि हलती आहे, हे औषधांवरूनही कळते. पायलोकार्पिनने सिलिअरी स्नायू आकुंचन पावतो, श्वेतपटलाच्या काठाला मागे ओढतो आणि जाळी पसरून उघडते. जपानमध्ये २०१४ पासून वापरात असलेले रिपासुडिल पेशींमधील ॲक्टिनच्या धाग्यांचा ताण सैल करते. स्टेरॉइडचा परिणाम उलटा होतो : पेशींमधील ॲक्टिनचे धागे जखडतात, भोवतीचा भराव वाढतो आणि काही रुग्णांचा दाब काही आठवड्यांतच चढतो. डोळे खाजतात म्हणून मुलांना दुकानातून आणलेले स्टेरॉइडचे थेंब महिनोन्‌महिने घालणे आपल्याकडे सर्रास चालते. त्यातून येणारा काचबिंदू पूर्णपणे टाळता येण्याजोगा असतो.

शस्त्रक्रिया : शल्यचिकित्सकाला उघडे असलेले मार्ग दोन : जाळीला वळसा घालून नवी वाट काढणे, किंवा जाळी छेदून जुनी वाट मोकळी करणे. पहिल्या मार्गाचे एक ठळक नाव मद्रासचे आहे. तेथील सरकारी नेत्र रुग्णालयातील रॉबर्ट हेन्री एलियट यांनी १९०९ मध्ये कॉर्नियाच्या काठावर श्वेतपटलाला आरपार गोल भोक पाडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पाणी वाहायचे, पण बेबंद. डोळा मऊ पडायचा. केम्ब्रिजच्या जॉन केर्न्स यांनी १९६८ मध्ये त्या भोकावर श्वेतपटलाचेच अर्धे जाड झाकण ठेवले. हीच ट्रॅबेक्युलेक्टोमी. गंमत अशी की, कापलेल्या नलिकेच्या उघड्या टोकांतून पाणी जावे असा केर्न्स यांचा हेतू होता. प्रत्यक्षात ते झाकणाच्या कडांतून नेत्रश्लेष्मल आवरणाखाली साठू लागले आणि तिथे फुगीर ब्लेब तयार झाला. आज टाक्यांचा ताण कमीजास्त करून विरोध जुळवतात आणि व्रण धरू नये म्हणून मायटोमायसिन-सी लावतात. व्रण धरला तर वाट बंद होते. अजिबात धरला नाही तर दाब फार उतरतो आणि ब्लेबची भिंत पातळ राहते.

नळीच्या रोपणात आतल्या व्यासाला फार महत्त्व असते, कारण प्रवाहाचा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो : व्यास निम्मा केला की विरोध सोळापट. जेन या सहा मिलिमीटर लांबीच्या जिलेटिन नळीचा ४५ मायक्रोमीटर व्यास याच हिशेबाने ठरवला आहे. मदुराईच्या ऑरोलॅबचे झडप नसलेले रोपण स्वस्त आहे. त्याच्या नळीला सुरुवातीला धाग्याने बांधून ठेवतात आणि काही आठवड्यांनी धागा विरघळला की पाणी वाहू लागते.

दुसऱ्या मार्गात, खास भिंगातून कोनाकडे पाहत जाळी छेदतात किंवा आयस्टेंटसारखी सूक्ष्म नळी तिच्यात रोवतात. शस्त्रक्रियेत दाब क्षणभर कमी केला की नलिकेतून रक्त मागे येते आणि कोनात लाल रेघ उमटते. पुन्हा द्रव सोडला की बाहेरच्या शिरा फिक्या पडत जातात. ही खूण दिसली म्हणजे पलीकडची वाट मोकळी आहे. इथे दाब शिरांमधल्या दाबाखाली मात्र जाऊ शकत नाही. म्हणून हे उपाय सौम्य किंवा मध्यम काचबिंदूला पुरतात. दाब दहाच्या आसपास आणायचा असेल तर ट्रॅबेक्युलेक्टोमी किंवा मोठे रोपणच करावे लागते.

ब्लेबच्या पातळ भिंतीतून जंतू डोळ्यात शिरू शकतात, तेही शस्त्रक्रियेला कित्येक वर्षे उलटल्यावर. म्हणून ट्रॅबेक्युलेक्टोमी झालेला डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा चिकटू लागला, तर घरगुती उपाय न करता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे.