वादळग्रस्तांची फिरती शुश्रूषा आणि मीठ-गुळाचे पाणी

स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहावे, अशी संपादक-भगिनींची आज्ञा झाली. इतिहास म्हटला की राजे आणि लढाया डोळ्यांपुढे येतात. मी आज जी हकिकत सांगणार आहे, तीत मात्र एक भयंकर वादळ आहे, औषधे घेऊन निघालेले स्वयंसेवक आहेत, आणि शेवटी आपल्या स्वयंपाकघरातील मिठाची बरणी व गुळाचा डबा आहे. आपल्या कळंबपासून समुद्र फार दूर. चक्रीवादळ आपण वर्तमानपत्रातच वाचतो. तरीही ही हकिकत आपल्या घरची आहे. कशी ते पाहा.

आजचा बांगला देश १९७० साली पूर्व पाकिस्तान होता. त्या वर्षी १२ नोव्हेंबरच्या रात्री मेघना नदीच्या मुखाशी असलेल्या भोला, मनपुरा, हातिया या सखल भागांवर वादळासह समुद्र चढून आला. मृतांचा अंदाज ३ ते ५ लाखांचा आहे. चितगावला शेल तेल कंपनीत नोकरी करणारे फजले हसन आबेद आणि त्यांचे मित्र अन्न, औषधे व इतर सामान घेऊन मनपुरा बेटावर गेले. सरकारी हुकमाची वाट न पाहता निघालेली ही माणसे होती.

त्याच सुमारास डाक्क्याच्या पटकी-संशोधन प्रयोगशाळेतील डॉक्टर आल्फ्रेड सॉमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटाबेटांतून पाहणी केली. त्यांना वाटले होते त्यापेक्षा मोठ्या जखमांचे रुग्ण पुष्कळ कमी निघाले. जे वाचले, त्यांची छाती, दंड व मांड्या मात्र सोलवटलेल्या होत्या. कारण रात्रभर ती माणसे झाडाला मिठी मारून राहिली होती. ज्यांच्या हातांत तेवढे बळ नव्हते, ती लेकरे, म्हातारी माणसे आणि बायका अधिक संख्येने गेल्या. पुरुषांच्या मानाने बायका जास्त गेल्या, ही ओळ वाचताना माझे मन थबकले. आपल्या मिठीत लेकरू असताना झाडाला मिठी कशी मारायची, हे कोणा आईला विचारावे!

त्या पाहणीतून एक धडा मिळाला. संकटानंतर केवळ मलमपट्टीची पेटी नेऊन भागत नाही. कोणाला काय हवे, हे दारोदार जाऊन आधी विचारले पाहिजे. वाचलेल्यांना खरी गरज होती ती अन्नाची आणि निवाऱ्याची.

पुढच्याच वर्षी युद्ध पेटले आणि सुमारे १ कोटी निर्वासित भारतात आले. पश्चिम बंगालमधील बनगावच्या छावणीत पटकीची साथ उसळली. शिरेतून द्यावयाचे सलाइन पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांच्या पुड्या करवून त्या पाण्यात विरघळवल्या, आणि ते पाणी आप्तांच्याच हातून रुग्णांस पाजविले. शेकडा ३० पर्यंत गेलेले मृत्यूचे प्रमाण शेकडा ४ च्या आत आले. डॉक्टरांच्या निधनानंतर, २०२३ साली, त्यांना पद्मविभूषण जाहीर झाले.

इकडे आबेदांनी १९७२ साली 'ब्रॅक' ही संस्था काढली. १९८० पासून दहा वर्षे तिच्या कार्यकर्त्या खेडोपाडी पायी फिरल्या आणि त्यांनी १ कोटीहून अधिक घरांतील मातांना एकच गोष्ट शिकविली : तीन बोटांच्या चिमटीत येईल तेवढे मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी. मोबदला देण्याची रीतही मोठी शहाणपणाची होती. काही आठवड्यांनी तपासनीस काही घरी जाऊन आईला विचारी. तिच्या लक्षात जितके राहिले असेल, त्या मानाने शिकविणारीला पैसे मिळत. नुसती व्याख्याने देऊन कोणाची सुटका नव्हती!

भगिनींनो, माझ्या आजोळी लेकराला ढाळ लागले की वडीलधारी मंडळी त्याचे पाणी बंद करीत. 'पाणी दिले की आणखी वाहील,' अशी त्यांची समजूत. माझ्या आईची थोरली बहीण दीड वर्षाची असताना अशाच ढाळांत गेली. ती पाणी मागत होती, असे आजी सांगे. आजीजवळ मीठ होते, गूळ होता, पाणी होते. ज्ञान तेवढे नव्हते.

नावेतून आलेला स्वयंसेवक एक ना एक दिवस परत जातो. तो आईच्या हाती जे ठेवून जातो, तीच त्याची खरी सेवा, असे मला ह्या इतिहासावरून वाटते. आता जलसंजीवनीची तयार पुडी आशाताईंकडे व आरोग्य उपकेंद्रात मिळते. एक लिटरची पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात कालवावी, घोटघोट पाजावी, तान्ह्याचे अंगावरचे दूध चालू ठेवावे. पुडी नसेल तर मीठ-गुळाचे पाणी. पण ते अश्रूंहून खारट नसावे. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले वा पाणीही ठरेना, तर मात्र दवाखाना ताबडतोब गाठावा.

माझी एक सूचना आहे. येत्या संक्रांतीच्या वाणात प्रत्येकीने जलसंजीवनीची एक पुडी द्यावी, आणि महिन्याभराने त्या घरी जाऊन विचारावे : 'कशी कालवायची, सांगा पाहू?'