गोव्यावरील हवाई टेहळणी व लष्करी तणाव (१९६१)

गोव्यावरील हवाई टेहळणी व लष्करी तणाव (१९६१) म्हणजे डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय हवाई दलाने पोर्तुगीज अमलाखालील गोव्यावर केलेली उड्डाणे आणि त्या काळात भारत व पोर्तुगाल यांच्यात निर्माण झालेली युद्धसदृश परिस्थिती होय. या घडामोडींची परिणती १८ व १९ डिसेंबर १९६१ रोजी झालेल्या 'ऑपरेशन विजय' या लष्करी कारवाईत झाली. या कारवाईने गोवा, दमण व दीव येथील सुमारे ४५० वर्षांची पोर्तुगीज सत्ता संपुष्टात आली.

पार्श्वभूमी

१५१० मध्ये अफोन्सो दि अल्बुकर्क याने गोवा जिंकल्यापासून हा प्रदेश पोर्तुगालच्या ताब्यात होता. भारत स्वतंत्र झाल्यानंतरही पोर्तुगालचे पंतप्रधान आंतोनियो सालाझार यांनी गोवा सोडण्यास नकार दिला. १९५१ मध्ये घटनादुरुस्ती करून पोर्तुगालने आपल्या वसाहतींना 'सागरापलीकडील प्रांत' असा दर्जा दिला. गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालचाच भूभाग आहे, अशी भूमिका त्याआधारे घेतली गेली.

१९५४ मध्ये तत्कालीन ठाणे व सुरत जिल्ह्यांना लागून असलेली दादरा व नगर हवेली ही ठाणी स्वयंसेवकांनी मुक्त केली. पोर्तुगालने हा वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेला. दमणहून या ठाण्यांकडे जाण्याचा मर्यादित हक्क नागरिक, मुलकी अधिकारी व माल यांच्यापुरता पोर्तुगालला होता. सशस्त्र दले व पोलीस यांना तो नव्हता, असा निर्णय न्यायालयाने १२ एप्रिल १९६० रोजी दिला. भारताने वाहतूक रोखून आपल्या बंधनाचा भंग केला नाही, असेही न्यायालयाने म्हटले.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्यात शिरलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळीबार केला व त्यात वीसहून अधिक सत्याग्रही मृत्युमुखी पडले. त्यानंतर भारताने पोर्तुगालशी असलेले राजनैतिक संबंध तोडले व गोव्याची आर्थिक नाकेबंदी अधिक कडक केली.

दाबोळी विमानतळ

नाकेबंदीमुळे खुष्कीचे मार्ग बंद झाल्याने पोर्तुगीज प्रशासनाने १९५५ मध्ये मुरगाव तालुक्यातील दाबोळी येथे विमानतळ सुरू केला. गोवा, दमण व दीव यांना एकमेकांशी आणि कराचीशी जोडण्यासाठी स्वतंत्र विमानसेवाही स्थापन करण्यात आली. त्यामुळे दाबोळीची धावपट्टी हा गोव्याचा बाहेरील जगाशी असलेला महत्त्वाचा दुवा बनला आणि पुढे भारतीय हवाई दलाचे पहिले लक्ष्यही तीच ठरली.

तणावात वाढ

नोव्हेंबर १९६१ मध्ये कारवारजवळील अंजदीव बेटावरील पोर्तुगीज सैनिकांनी 'साबरमती' या भारतीय प्रवासी जहाजावर गोळीबार केला. याच महिन्यात एका भारतीय मच्छीमाराचाही गोळीबारात मृत्यू झाला. या घटनांनंतर भारतात लष्करी कारवाईची मागणी जोर धरू लागली. १ डिसेंबरपासून भारतीय नौदलाने 'ऑपरेशन चटणी' या नावाने टेहळणी सुरू केली व 'बेतवा' आणि 'बियास' या युद्धनौका गोव्याच्या किनाऱ्यापासून सुमारे १३ किलोमीटर अंतरावर गस्त घालू लागल्या.

८ डिसेंबरपर्यंत हवाई दलाची विमानेही गोव्याच्या आकाशात दिसू लागली. पोर्तुगिजांची लढाऊ विमाने व विमानविरोधी तोफा असल्यास त्यांना उघड्यावर आणणे, हा या उड्डाणांचा हेतू होता. दाबोळीवर सेबर लढाऊ विमानांची एक तुकडी असल्याची माहिती भारतीय लष्कराकडे होती. ती पुढे चुकीची ठरली. प्रत्यक्षात गोव्यात पोर्तुगालचे एकही लढाऊ विमान नव्हते.

१७ डिसेंबर रोजी स्क्वॉड्रन लीडर आय. एस. लॉघ्रन व्हॅम्पायर विमानातून दाबोळीवर टेहळणी करीत असता त्यांच्यावर विमानविरोधी तोफेतून पाच गोळे झाडण्यात आले. त्यांनी विमान एकदम खाली आणून समुद्राच्या दिशेने सुटका करून घेतली. गोवा मुक्त झाल्यानंतर ही तोफ विमानतळावरील नियंत्रण मनोऱ्याजवळ सापडली. तिच्यात एक गोळा अडकलेला होता.

हवाई हद्दीचा प्रश्न

१९४४ च्या शिकागो करारानुसार प्रत्येक राष्ट्राला आपल्या भूप्रदेशावरील आकाशात पूर्ण व अनन्य सार्वभौमत्व असते. त्यामुळे हवाई हद्दीच्या भंगाचा प्रश्न खालील भूमी कोणाची, या प्रश्नाशी जोडलेला असतो. गोव्याच्या बाबतीत नेमका हाच मुद्दा वादग्रस्त होता. पोर्तुगालच्या दृष्टीने ही उड्डाणे आपल्या प्रांतावरील आक्रमण होते, तर भारताच्या दृष्टीने गोवा हा परकीय सत्तेने बळकावलेला भारताचाच भाग होता.

हवाई कारवाई

हवाई कारवाईचे नेतृत्व एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्याकडे होते. पुणे व बेळगावजवळील सांबरा हे हवाई तळ कारवाईसाठी निश्चित करण्यात आले. दाबोळीची धावपट्टी निकामी करावी, मात्र टर्मिनल इमारत व इतर सुविधांना धक्का लावू नये, असा स्पष्ट आदेश होता.

१८ डिसेंबर रोजी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली १२ कॅनबेरा विमानांनी धावपट्टीवर सुमारे ६३,००० पौंड वजनाचे बॉम्ब टाकले. त्यानंतर आणखी ८ कॅनबेरा विमानांनी दुसरा हल्ला चढवला. सहा हंटर विमानांनी बांबोळी येथील बिनतारी संदेश केंद्र उद्ध्वस्त केले. दमण येथे मिस्तेर, तर दीव येथे तूफानी विमाने वापरण्यात आली.

दाबोळीवर उभी असलेली दोन प्रवासी विमाने या हल्ल्यांतून बचावली. त्याच रात्री धावपट्टीची घाईघाईने डागडुजी करून, उरलेल्या अपुऱ्या लांबीवरून उड्डाण करीत ती कराचीला निघून गेली.

परिणाम

शेवटपर्यंत लढण्याचा लिस्बनचा आदेश असतानाही गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांनी १९ डिसेंबर रोजी रात्री शरणागती पत्करली. या निर्णयामुळे मोठी प्राणहानी टळली, परंतु पोर्तुगालमध्ये त्यांना लष्करातून काढून टाकण्यात आले. सालाझार यांनी प्रस्थापित केलेली राजवट १९७४ मध्ये उलथल्यानंतरच त्यांचा दर्जा त्यांना परत मिळाला. कारवाईत भारताचे २२ व पोर्तुगालचे ३० सैनिक मृत्युमुखी पडले.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत युद्धबंदी व भारतीय सैन्याच्या माघारीची मागणी करणारा ठराव ७ विरुद्ध ४ मतांनी पुढे आला; तथापि सोव्हिएत संघाच्या नकाराधिकारामुळे तो फेटाळला गेला. पोर्तुगालने ३१ डिसेंबर १९७४ रोजी झालेल्या करारान्वये गोवा, दमण, दीव, दादरा व नगर हवेली यांवरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. दाबोळी विमानतळ १९६२ मध्ये भारतीय नौदलाकडे सोपवण्यात आला. तेथे आज नौदलाचा 'हंसा' हा तळ असून नागरी वाहतूकही चालते.

हेही पहा

गोवा मुक्तिसंग्राम
दादरा व नगर हवेली मुक्तिसंग्राम
भारतीय हवाई दल