गिडियनला वकील मिळाला, पण वकिलाला कोण?

फौजदारी वकिलाने संघटनेचं सभासद कशाला व्हायचं, हा आजचा प्रश्न. उत्तरासाठी अमेरिकेत, फ्लोरिडाला जाऊया.

साल १९६१. क्लॅरेन्स गिडियनवर पूल-रूम फोडल्याचा आरोप आला. वकील परवडेना, मागितला तर कोर्ट देईना. बिचारा स्वतःच लढला आणि ५ वर्षांसाठी आत गेला. तुरुंगातून त्याने पेन्सिलने सुप्रीम कोर्टाला अर्ज लिहिला. १९६३ मध्ये कोर्टाने एकमताने सांगितलं, गंभीर गुन्ह्यात गरीब आरोपीला सरकारने वकील द्यायलाच हवा. खटला पुन्हा चालला. न्यायाधीश तेच, मुख्य साक्षीदारही तोच. पण यावेळी उलटतपासणी घ्यायला फ्रेड टर्नर हे वकील होते. गिडियन निर्दोष सुटला!

आता बघा, सरकारी वकिलामागे पोलीस, लॅब, अख्खं खातं असतं. आरोपीचा वकील बहुतेकदा एकटा. अशा वकिलांनी १९५८ मध्येच आपली राष्ट्रीय संघटना उभी केली होती. तिथे एकाने तयार केलेला अर्ज दुसऱ्याच्या कामी येतो. आम्हा कोडिंगवाल्यांची शेअर्ड रिपॉझिटरीच म्हणा ना! प्रशिक्षण मिळतं. महत्त्वाच्या खटल्यांत संघटना स्वतः कोर्टापुढे म्हणणं मांडते. बचाव करताना वकिलावरच अवमानाची कारवाई आली, तर त्याच्याही पाठीशी उभी राहते.

कोर्टाच्या निकालाने वकील मिळतो, त्याची तयारी मात्र निकालातून येत नाही. म्हणून वर्गणी वकील भरतो, पण खरा फायदा पिंजऱ्यात उभ्या असलेल्या माणसाचा होतो.