विमान पडलं की आधी धावतो तो शेतकरीच

आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यातली गोष्ट. १६ जुलै २०२१. चोपडा तालुक्यात वर्डी शिवारात, सातपुड्याच्या पायथ्याशी, प्रशिक्षणाचं छोटं विमान कोसळलं. प्रशिक्षक गेले, शिकणारी तरुणी गंभीर जखमी. गाडी तिथवर पोचत नव्हती. आदिवासी पाड्यावरची माणसं धावली. एका भिल्ल बाईने अंगावरची साडी सोडून दिली, तिची झोळी करून पोरीला खाली आणलं.

भारतात दिलेला पायलटचा पहिला परवाना जे.आर.डी. टाटांचा, १० फेब्रुवारी १९२९ चा. तेव्हा विमान शिकणं म्हणजे मुंबई-दिल्लीचं काम. आज शिरपूर, बारामती, गोंदियाला शिकवतात. म्हणजे शिकाऊ विमानं आता आपल्या शेतांवरून जातात.

शिकणाऱ्याला सगळ्यात अवघड जातं ते उतरणं. वेग कमी करत, चाकं टेकायच्या जरा आधी नाक अलगद वर घ्यायचं. लवकर घेतलं तर विमान वरून आदळतं, उशीर झाला तर चाकं आपटून उसळी मारतं. उसळलं तर हट्ट न करता इंजिनाचा जोर वाढवून पुन्हा वर जायचं, हा शहाणपणा. पण इंजिनानेच साथ सोडली तर दुसरी संधी नाही. समोर दिसेल ते शेत.

२५ जुलै २०२२ ला इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला असंच एक विमान शेतात आलं. आत २२ वर्षांची विद्यार्थिनी, एकटीच. वाचली. तिथेही आधी पोचले ते गावकरी. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात १९ आणि २२ तारखेला, चार दिवसांत दोन अपघात झाले.

माझं म्हणणं एवढंच : चौकशी होते, अहवाल येतो, पण ज्या गावांवरून ही विमानं जातात त्यांना कोणी काही शिकवतं का? तासाभराचं काम आहे. विमानात पेट्रोलसारखं इंधन असतं, जवळ बिडी-काडी नको. आग नसेल तर जखमीला ओढू नका, मानेला धक्का लागतो. १०८ आणि ११२ ला फोन करा. तुकडे उचलू नका, तपासाला लागतात. व्हिडिओ नंतर.

आपल्या भागातली पोरंही आता पायलट व्हायचं म्हणतात. उद्या कुणाच्या तरी शिवारात आपलंच लेकरू उतरेल. तिथे धावणाऱ्याला काय करायचं ते ठाऊक असावं, नाही का?