काचेवरचा टवका

गाडी बऱ्यापैकी वेगात चाललेली असते. पुढच्या ट्रकच्या चाकाखालून एक खडा उडतो, 'टक्' असा आवाज येतो आणि समोरच्या काचेवर मसुराच्या दाण्याएवढा पांढुरका ठिपका उमटतो. काच फुटली नाही म्हणून आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. पंधरा दिवसांनी एका सकाळी पाहावे तर त्या ठिपक्यापासून निघून काचेच्या कडेपर्यंत एक लांबलचक तडा गेलेला! रात्री कोणी काचेला हातही लावलेला नसतो. खडा लागला पंधरा दिवसांपूर्वी. मग काच आज का तडकली?

हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. त्याचे उत्तर मिळायला विज्ञानाला जवळजवळ नव्वद वर्षे लागली.

सुरुवात करू या १८८० सालच्या नाताळच्या सुट्टीपासून. पुढे रेडिओलहरींच्या शोधामुळे अमर झालेला हाइनरिख हर्ट्झ तेव्हा तेवीस वर्षांचा होता आणि बर्लिनमध्ये हेल्महोल्ट्झ यांचा साहाय्यक म्हणून काम करीत होता. काचेची दोन भिंगे एकमेकांवर ठेवली की त्यांच्यामध्ये न्यूटनची रंगीत कडी दिसतात, हे आपण शिकवतो. हर्ट्झला शंका आली, की भिंगे एकमेकांवर दाबली तर ती थोडी चपटी होत असणार. मग कड्यांच्या आकाराचे काय? त्या सुट्टीत त्याने दोन गोलाकार पृष्ठभाग एकमेकांवर दाबले असता काय होते याचे गणित मांडले. या गणितातून असे दिसते, की स्पर्शाच्या ठिकाणी काच दाबली जाते, पण त्या जागेच्या नेमक्या कडेला ती ताणली जाते. काच दाब पुष्कळ सोसते. ताण मात्र तिला सोसत नाही. म्हणून पहिला तडा खडा लागला त्याच्या बरोबर खाली जात नाही. तो भोवती गोल कड्यासारखा पडतो आणि शंकूसारखा पसरत आत जातो. हा शंकू आजही हर्ट्झच्याच नावाने ओळखला जातो. समोरच्या काचेवरचा गोल चकतीसारखा टवका म्हणजे बहुधा हाच शंकू असतो. काही वेळा त्याच्याभोवती चांदणीसारखे फाटेही फुटतात.

टवका कसा पडतो हे कळले. पण तो वाढतो का?

कापडाच्या दुकानातला माणूस कापड मोजून झाले की कडेला कात्रीने एक छोटी चीर देतो आणि मग टर्रकन कापड फाडतो. चीर नसेल तर तेच कापड हाताने फाटता फाटत नाही. १९१३ साली केंब्रिजमधले अभियंता चार्ल्स इंग्लिस यांनी यामागचे गणित प्रसिद्ध केले. ताणलेल्या पत्र्यात लंबगोल भोक असेल तर भोकाच्या टोकाशी ताण किती पट वाढतो? उत्तर अगदी सुटसुटीत आहे. भोकाच्या लांबीला रुंदीने भागा, त्याची दुप्पट करा आणि त्यात १ मिळवा. भोक गोल असेल तर उत्तर येते ३. लांबी रुंदीच्या दहापट असेल तर २१. तडा म्हणजे तर अतिशय लांब आणि अतिशय अरुंद भोक. त्याच्या टोकाशी ताण किती वाढत असेल याचा अंदाज विद्यार्थ्यांनाच करू द्यावा.

पण यातून एक नवीच अडचण उभी राहिली. या हिशेबाने कोणताही अणकुचीदार तडा, मग तो कितीही बारीक असो, जरा ताण पडताच पुढे धावायला हवा. प्रत्यक्षात तसे होत नाही. आपल्या घरातल्या काचांवर असंख्य ओरखडे असतात आणि तरी त्या वर्षानुवर्षे टिकतात.

हा गुंता सोडवला अॅलन अर्नोल्ड ग्रिफिथ या तरुण अभियंत्याने. तो इंग्लंडमध्ये फार्नबरो येथील विमान संशोधन केंद्रात काम करीत होता. त्याने विचार केला तो ऊर्जेचा. तडा पुढे सरकायचा तर काचेचे दोन नवे पृष्ठभाग तयार व्हावे लागतात आणि त्यासाठी ऊर्जा खर्च होते. उलट, तडा सरकला की त्याच्या आजूबाजूची ताणलेली काच सैल होते आणि ऊर्जा मोकळी होते. हा जमाखर्चाचा मामला आहे. खर्च तड्याच्या लांबीच्या प्रमाणात वाढतो, जमा मात्र लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात. त्यामुळे छोटा तडा 'परवडत नाही' म्हणून जागच्या जागी थांबतो. एका ठरावीक लांबीच्या पुढे गेला, की मग तो आपला आपणच धावत सुटतो.

ग्रिफिथने काचेच्या नळ्यांवर आणि पोकळ गोळ्यांवर मुद्दाम वेगवेगळ्या लांबीचे तडे पाडले आणि आतून दाब देऊन ते फोडून पाहिले. तडा चौपट लांब असेल तर निम्म्याच ताणाला काच फुटते, हा त्याचा हिशेब जुळला. मग त्याने काचेचे बारीक तंतू ओढले. सुमारे एक मिलिमीटर जाडीच्या काडीपेक्षा तीनेक मायक्रॉन जाडीचा तंतू दर चौरस मिलिमीटरला जवळजवळ २० पट ताण सोसत होता. काच तीच, रसायन तेच! बारीक तंतूत मोठ्या तड्याला जागाच नसते, एवढाच फरक. १९२१ साली हा निबंध प्रसिद्ध झाला. काच ठिसूळ असते असे आपण वर्गात सांगतो ते चूक नाही. पण काच मुळात कमकुवत नसते, तिला तिचे तडे कमकुवत करतात.

हे सिद्धांत तयार होत असताना रस्त्यावर मोटारी वाढत होत्या आणि अपघातात साध्या काचेचे सुऱ्यासारखे तुकडे माणसांचे चेहरे आणि गळे कापत होते. १९०५ साली इंग्लंडमध्ये जॉन वुड यांनी दोन काचा कॅनडा बाल्समने चिकटवण्याचे पेटंट घेतले होते. जीवशास्त्राच्या शिक्षकांना हा बाल्सम स्लाइड तयार करताना ठाऊक असतोच. पण ही काच बाजारात फारशी चालली नाही. यश आले ते एदुआर बेनेडिक्टस या फ्रेंच चित्रकार-रसायनतज्ज्ञाला. १९०३ साली त्याच्या प्रयोगशाळेत फळीवरून काचेचा एक चंबू खाली पडला. तो तडकला, पण त्याचे तुकडे विखुरले नाहीत. चंबूत पूर्वी सेल्युलोज नायट्रेटचे द्रावण होते. ते सुकून आतून पातळ पापुद्रा तयार झाला होता आणि त्याने तुकडे धरून ठेवले होते, अशी हकीकत त्यानेच सांगितली आहे. १९०९ साली त्याने दोन काचांमध्ये असा पापुद्रा घालण्याचे पेटंट घेतले. तीन थर म्हणून नाव पडले 'ट्रिप्लेक्स'. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांना हीच काच बसवली गेली.

सेल्युलोज नायट्रेट उन्हाने पिवळे पडे. म्हणून १९३०च्या दशकाच्या अखेरीस त्याची जागा पॉलिव्हिनाइल ब्युटिराल या लवचिक, पारदर्शक प्लॅस्टिकने घेतली. १९६६पासून अमेरिकेत हा थर दुप्पट, म्हणजे ०.७६ मिलिमीटर जाडीचा झाला. त्यामुळे आदळलेले डोके काच फोडून बाहेर जाण्याचा धोका खूप कमी झाला. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनी पुढच्या काचेसाठी अशी थरांची काच सक्तीची केली. ती सक्ती नियम लागू झाल्यानंतर तीन वर्षांनी तयार होणाऱ्या वाहनांना होती.

या रचनेमुळे आणखी एक गोष्ट शक्य झाली. खड्याने टवका पडतो तो फक्त बाहेरच्या काचेला. मधला थर आणि आतली काच शाबूत राहतात. म्हणजे जखम उथळ असते आणि ती भरता येते. (बाजूच्या खिडक्यांची कडक केलेली काच फुटली की तिचा एकदम चुरा होतो. तिथे भरायला काही उरतच नाही.) १९७०च्या दशकात अमेरिकेत टवका दुरुस्तीची पद्धत रूढ होऊ लागली. टवक्यावर एक छोटे उपकरण बसवून आतली हवा ओढून घेतात, पातळ रेझीन दाबाने आत शिरवतात आणि अतिनील किरणांचा दिवा लावून ते कडक करतात. तड्याच्या दोन्ही बाजू एकमेकींना चिकटतात, टोकाशी एकवटणारा ताण कमी होतो. शिवाय ठिपकाही जवळजवळ नाहीसा होतो, कारण रेझीनचा अपवर्तनांक काचेच्या १.५२ या अपवर्तनांकाच्या जवळ असतो.

हे वर्गात दाखवता येते. बोरोसिलिकेट काचेची परीक्षानळी ग्लिसरीनने भरा आणि ग्लिसरीनच्याच पेल्यात बुडवा. नळीचा बुडालेला भाग दिसेनासा होतो. काच तिथेच असते; परावर्तन मात्र जवळजवळ थांबलेले असते.

आता पंधरा दिवसांचे कोडे. काचेतील सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे बंध टोकाशी ताणलेले असतात. तिथे पाण्याचा रेणू पोचला की तो त्यांच्याशी अभिक्रिया करतो आणि बंध तुटणे सोपे होते. १९६७ साली अमेरिकेत शेल्डन वीडरहॉर्न यांनी हे मोजून दाखवले. ताण तेवढाच ठेवून हवेतला ओलावा वाढवला, तर तडा शेकडो पट वेगाने सरकतो. म्हणजे त्या पंधरा दिवसांत टवका स्वस्थ बसलेला नव्हता. दिवसाच्या उन्हाने, रात्रीच्या गारव्याने, रस्त्याच्या हादऱ्यांनी आणि हवेतल्या बाष्पाने तो डोळ्यांना न दिसता सरकत होता. ज्या रात्री त्याने ग्रिफिथची ती ठरावीक लांबी ओलांडली, त्या रात्री तो कडेपर्यंत धावला.

यावरून काय करावे हे सहज कळते. टवका पडताच त्यावर स्वच्छ चिकटपट्टी लावावी, म्हणजे पाणी आणि धूळ आत जाणार नाही. उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये, वातानुकूलनाचा झोतही एकदम त्यावर सोडू नये. टवका रुपयाच्या नाण्याहून लहान असतानाच, शक्य तितक्या लवकर भरून घ्यावा. तडा कडेपर्यंत गेला असेल, आतल्या काचेपर्यंत पोचला असेल किंवा नेमका चालकाच्या नजरेसमोर असेल, तर काच बदलणेच शहाणपणाचे. आणि मुळात खडीच्या ट्रकमागे अंतर ठेवून, वेग आवरून चालावे. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते; वेग दुप्पट तर ऊर्जा चौपट, हे तर आपण दरवर्षी फळ्यावर लिहितोच.

शाळेच्या खिडकीची काच बसवायला काचवाला येईल तेव्हा मुलांना जवळ उभे करावे. तो हिरकणीने एक बारीक रेघ ओढतो, दोन्ही बाजूंना धरून हलकेच वाकवतो आणि काच सरळ रेषेत तुटते. एवढ्याशा रेघेने एवढी मोठी काच कशी तुटते, हे मुलांनाच विचारावे. इंग्लिस आणि ग्रिफिथ यांच्यापुढचा प्रश्नही हाच होता.